खाडीपलीकडची भाऊबीज

मार्तंड टिपणीसला गाडी लागायची.

आता गाडी कुणाला लागत नाही? घाट चढताना एसटीत निम्मे लोक खिडकीबाहेर असतात. पण मार्तंडचं तसं नव्हतं. त्याला बैलगाडी लागे, टांगा लागे, ट्राम तर नुसती खडखडत समोरून गेली तरी लागे. शेजारचे श्यामकांत प्रधान सगळ्या चाळीला सांगत, "अहो, मी झोपाळ्यावर बसून ह्याच्याशी बोलत होतो, तर हा भिंतीकडे तोंड करून उत्तरं देतोय! म्हटलं, रुसला की काय. तर म्हणे, तुम्ही हलताय!"

त्यामुळे मार्तंडनं आयुष्य पायांच्या बेतानं आखलं. नोकरी धरली ती घाटकोपरच्या मिठागराच्या कचेरीत, घरापासून सतरा मिनिटांवर. बायको केली ती पलीकडच्या आळीतली. वरात पायीच निघाली आणि वाजंत्रीवाल्यांनी दुसरी चाल धरायच्या आत संपलीसुद्धा. पुढे शेटजींनी बढती देऊ केली. फोर्टात कचेरी, डोक्यावर पंखा, हातांची खुर्ची. मार्तंडनं दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून सांगितलं.

"अरे टिपनिस, तू गांडो थई गयो छे के?" शेटजी ओरडले. "फोर्ट माटे लोको मरे छे!"

"मी पण मरेन, शेटजी," मार्तंड म्हणाला. "पण दादरलाच."

असा हा माणूस. उंच, काटकुळा, चालायला लागला की बरोबरच्याला धावावं लागे. आणि त्याला एकच बहीण, माणिक, पाच वर्षांनी धाकटी.

दोघांचं लहानपण मुलुंडला गेलं. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलं की भाताची खाचरंच लागायची, आणि दिवाळीच्या सुमाराला सगळ्या गावाला पेंढ्याचा वास यायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई दोघांना टांग्यात घालून ठाण्याला आत्याकडे पाठवी. आत्या दारातच उभी. "टांग्यात घाण कुणी केली गं?" असं तिनं विचारलं की मार्तंडच्या पोटात दुसऱ्यांदा ढवळायला लागायचं. आणि पाच-सहा वर्षांची माणिक फ्रॉकचा घेर मुठीत धरून पुढे व्हायची आणि म्हणायची, "मी."

मग एरंडेल माणिकला. मार्तंड दाराआड उभा राहून बघायचा. ती नाक दाबून एका दमात प्यायची आणि पेला खाली ठेवताना त्याच्याकडे बघून डोळा मारायची.

परतताना मात्र ती टांग्याजवळ फतकल मारून बसे. "आम्ही चालत जाणार!" ठाण्याहून मुलुंडपर्यंत दोघं चालत येत. अर्ध्या वाटेवर तिचे पाय दुखत, मग ती मार्तंडच्या खांद्यावर. आणि तिथून, त्याचे केस लगामासारखे धरून, ती आत्याची नक्कल करी. "घाआण कुणी केएली गं?" नाकातून, मान वाकडी करून, अगदी हुबेहूब. मार्तंड हसून हसून वाकला की वरून ती ओरडे, "नीट चाल ना रे घोड्या!"

माणिकचं लग्न झालं मधुकर गुप्ते मास्तरांशी, आणि वर्षाच्या आत मास्तरांची बदली मनोरीच्या शाळेवर झाली. मनोरीला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, मालाडला उतरायचं, बसनं मार्व्याला जायचं आणि तिथून होडीत बसून खाडी ओलांडायची. मार्तंडनं हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं. टिपणिसांकडे उलटं झालं. दरसाल माणिकच होडी, बस आणि दोन गाड्या करून घाटकोपरला यायची, भावाला ओवाळायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायची. अशी सहा वर्षं. मनोरीला तिच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या सूनबाईंचा भाऊ म्हणजे देवळातला देव हो. दर्शनाला आपणच जायचं. देव काही हलायचा नाही."

पंचावन्न सालच्या दसऱ्याला माणिकचं कार्ड आलं.

"ती. दादास सा. न. वि. वि. छोटी आता दोन महिन्यांची झाली. तिला घेऊन येता येईल, पण यंदा मी यायची नाही. यंदा तू ये. आला नाहीस तर राग नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तशी मीही बिजेची कोर दिसली की ओवाळीन आणि जेवीन. सौ. वहिनीस नमस्कार. तुझी माणिक."

मार्तंडनं कार्ड कचेरीत चार वेळा वाचलं. ती रागावली असती तर त्यानं समजूत घातली असती. पण "राग नाही" ह्याला काय उत्तर द्यायचं? पाचव्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एकदा तिनं चंद्राला ओवाळलं की संपलं. दोन मैलांच्या परिघात हिंडणारा एक टिपणीस घाटकोपरला राहील, पण माणिकला भाऊ नसेल.

"मी जाणार," त्यानं घरी येऊन कुंदाला सांगितलं.

कुंदा पोळ्या लाटत होती. "कुठे?"

"मनोरीला. भाऊबीजेला."

कुंदाचं लाटणं थांबलं. पाचच मिनिटांत सगळ्या चाळीला बातमी लागली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कुंदानं ओवा, लिंबू आणि आवळासुपारी बांधून ठेवली. श्यामकांत प्रधान म्हणाले, "पोटाला वर्तमानपत्र बांध. मराठी नको, इंग्रजी बांध. पानं जास्त असतात." शिवाय त्यांनी आपला झोपाळा तालमीसाठी दिला. रोज संध्याकाळी मार्तंड त्यावर डोळे मिटून बसे, प्रधान हलकेच झोका देत, आणि चाळीतली पोरं मोठ्यानं आकडे मोजत. शंभरावर मजल कधी गेली नाही.

भाऊबीजेला मार्तंड सकाळी सातलाच तयार होता. धुतलेलं धोतर, कोट, पोटाला इंग्रजी पेपर, पिशवीत माणिकसाठी खण आणि फराळाचा डबा. पण भाऊबीज कुंदाचीही होती. तिचा भाऊ नंदकुमार हल्ली मुलुंडला राही, तिथून नऊच्या ठोक्याला येणार होता. तो आला पाऊण वाजता, सायकल हातात धरून.

"पंक्चर हो, भावोजी! भांडुपपासून ढकलत आणली. आज दुकान उघडं असेल तर शपथ!"

कुंदानं त्याला ओवाळलं, पानं मांडली. मार्तंड पिशवी उचलून दारात गेला.

"हे काय? भावोजी उपाशी जाणार?" नंदकुमार पाटावरून अर्धा उठला. "मग मीही उठतो. घरचा यजमान उपाशी आणि मी पुऱ्या हाणू? आई काय म्हणेल मला?"

"अरे, मला गाडीत बसायचंय—"

"म्हणूनच म्हणतो! रिकाम्या पोटी जास्त लागते गाडी."

भाऊबीजेच्या दिवशी पानावरून मेव्हणा उठवायचा म्हणजे वर्षभर कुंदाचं तोंड बघवलं नसतं. मार्तंड बसला. बासुंदी होती. नंदकुमारनं आग्रह केला. एक वाटी झाली, दुसरी झाली.

दोन वाजून गेल्यावर मार्तंड गाडीत चढला. सणाची दुपार, डबा जवळजवळ रिकामा. त्यानं लिंबू नाकाला लावलं, डोळे मिटले आणि मनात आकडे मोजायला लागला. गाडी रूळ बदलताना डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली. एकशेचाळीसला बासुंदी हलली. कुर्ला येताच तो उडी मारून उतरला, फलाटाच्या टोकापर्यंत धावला आणि तिथे जे व्हायचं ते झालं.

मान वर केली तर समोर पोलीस. दारूबंदीचे दिवस होते ते. सणासुदीला भरदिवसा ओकणारा माणूस म्हणजे त्याच्या दृष्टीनं चालून आलेली केस.

"फुंका," तो म्हणाला.

मार्तंडनं फुंकलं. पोलिसानं डोळे मिटले आणि जाणकारासारखा वास घेतला.

"वेलदोडा," तो म्हणाला. "आणि जायफळ. जा, साहेब. पाणी प्या थोडं."

मार्तंड पाणी प्यायला. पुढची गाडी आली, तिच्याकडे त्यानं बघितलं आणि सरळ स्टेशनाबाहेर पडला. फलाटावरच्या घड्याळात अडीच वाजले होते. सूर्य सहाला बुडतो. बिजेची कोर त्यानंतर तासभर असते, मग तीही बुडते. म्हणजे साडेचार तास. धोतराचा सोगा खोचून त्यानं अंधेरीचा रस्ता धरला.

इथे मार्तंडशी गाठ होती! रस्ता पायाखाली आला आणि त्याचं पोट शहाण्या पोरासारखं गप्प बसलं. साकीनाक्यापर्यंत तर तो कुणाचा पाठलाग करत असल्यासारखा चालला. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मध्येच ताडाची झाडं, एखादी दगडाची खाण. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर रांगोळी आणि पाट. एका दारात एक टकलू गृहस्थ ओवाळून घेत होते आणि बहीण ओरडत होती, "सरळ बघ ना रे, पेपर काय वाचतोयस!"

मरोळच्या पुढे कुणीतरी पेंढा रचत होतं. तो वास आला आणि मार्तंडची चाल आपोआप मंदावली. हाच वास. ठाण्याहून परतताना खांद्यावरची माणिक ह्या वासानं पेंगायची, तिची हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकायची, आणि केसांवरची पकड मात्र सुटायची नाही. तेव्हा त्याला वाटायचं, मुलुंड अजून थोडं लांब असतं तर बरं. लग्नाच्या दिवशी तो तिच्याबरोबर मुलुंड स्टेशनापर्यंत गेला होता. ती गाडीत बसली, खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "दादा, दादरपर्यंत तरी ये ना." आणि त्यानं काय म्हणावं? तो म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो मागून."

सात वर्षं झाली त्याला. मार्तंडनं पुन्हा पाय उचलला.

अंधेरीला चार वाजून गेले होते. घोडबंदर रोडनं तो उत्तरेला वळला. जोगेश्वरी गेली. पण आता पोटात काहीच नव्हतं आणि नव्या चपला टाचेला चावत होत्या. गोरेगावला पोचला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. मार्वे अजून सहा-सात मैल. त्यानं मनाशी हिशेब केला, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की पायांनी हे जमायचं नाही.

तेवढ्यात सिनेमाच्या स्टुडिओतून एक ट्रक बाहेर आला. ट्रकमध्ये सैन्य होतं. पत्र्याची चिलखतं, लाकडी भाले, पुठ्ठ्याच्या ढाली. सेनापतींची अर्धी मिशी सुटली होती आणि ते चकली खात होते. रस्त्याच्या कडेला लंगडत चाललेला कोटवाला बघून एका सैनिकानं हाक मारली.

"खय चल्लास, काका?"

"मनोरीला. बहिणीकडे."

"आज? भावबीजेक? आणि आता, दिस बुडूक इलो तेव्हा?" सैनिकानं टपावर थाप मारून ट्रक थांबवला. "आमी मार्व्याक चल्लो. उद्या थय लढाई आसा. येवा वर!"

मार्तंड जागचा हलला नाही. "मला गाडी लागते हो."

"लागता तर लागांदे! बहीण वाट बघता मा? मगे?"

चार हात खाली आले आणि मार्तंड टिपणीस सैन्यात दाखल झाला. सैनिकाचं नाव काशीराम. गिरणीत बदली कामगार, काम नसेल तेव्हा सिनेमात मरायला येई. "मेल्याक जास्ती पैशे गावतत," त्यानं सांगितलं. "नुसतो पळालंय तर कमी." मार्तंडनं लिंबू नाकाशी घट्ट धरलं. ट्रक मालाडकडे वळला, खड्ड्यात गेला, वर आला. मार्तंडनं इकडेतिकडे पाहिलं. चहूबाजूंनी भाले. काठापर्यंत जायला वाट नाही. मांडीला लागून एक पत्र्याचं शिरस्त्राण उलटं पडलं होतं, चांगलं खोल.

"अरे, अरे, मेल्या!" काशीराम किंचाळला. "ह्या उद्या माका डोक्यार घालूचा आसा!"

सगळं सैन्य खो खो हसायला लागलं. सेनापतींची उरलेली मिशीही पडली. मार्तंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटाचा इंग्रजी पेपर काढून तो शिरस्त्राण पुसायला लागला. काशीरामनं ते हातातून काढून घेतलं.

"ऱ्हवांदे. समुद्रार धुतलंय काय झाला." मग भाल्याच्या टोकाकडे बघत तो म्हणाला, "माझी भयण मालवणाक. पाच वर्सां झाली, जावक गावाक नाय. तुमी जावा. वाट लागली तरी जावा."

मार्व्याच्या धक्क्यावर मार्तंड उतरला तेव्हा सूर्य बुडाला होता. पलीकडे मनोरीच्या माडांवर आकाश तांबूस होतं, आणि त्यात, नीट बघितलं तरच दिसेल अशी, नखाएवढी कोर.

होडी भरत आली होती. ती धक्क्याला लागून वर जात होती, खाली येत होती. मार्तंड काठावर उभा राहिला. एक पाय त्यानं उचलला, पुन्हा ठेवला.

"बस रं दादा, बेगीन बस!" रिकामी पाटी घेऊन बसलेली एक कोळीण म्हणाली. "पानी काय खातंय तुला?"

"पुढची होडी कधी?" मार्तंडनं होडीवाल्याला विचारलं.

"ही भरली की जानार, पलीकरं माणसं भरली की येनार," होडीवाला म्हणाला. "तास लागंल. येतंस, का जाव?"

तासाभरानं कोर नसणार. मार्तंडनं डोळे मिटले आणि पाय टाकला. खालची फळी सरकली, तो कोळणीच्या पाटीवर कोसळला. पाटीला दिवसभराच्या मासळीचा वास होता. होडी निघाली. बासुंदीचा शेवटचा थेंबही ट्रकमध्येच राहिला होता, पण पोटाला ते कुणी सांगावं? काठावर वाकून तो खाडीला नुसतेच नमस्कार घालत राहिला.

"खाली नको बघू," कोळणीनं त्याच्या कोटाची कॉलर धरून ठेवली होती. "पल्याड बघ. कोन हाय तिकरं तुजा?"

"बहीण."

"मंग तिकरंच बघ."

मनोरीला उतरल्यावर त्यानं मास्तरांचं घर विचारलं आणि धावतच ते गाठलं. ओट्यावर सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर घामानं निथळणारा, धोतर सुटत आलेला उंच माणूस बघून त्यांनी आधी काठी जवळ ओढली. मग ओळखलं.

"अगंबाई! देव हलले!"

"माणिक कुठे आहे?"

"गेली किनाऱ्यावर, तबक घेऊन. इथून माडांमुळे कोर दिसत नाही ना. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही मुलीनं. आता ओवाळूनसुद्धा झालं असेल—अहो, चपला!"

चपला ओट्याखालीच राहिल्या. मार्तंड अनवाणी धावला, माडांमधून, सुकत घातलेल्या जाळ्यांमधून, आणि एकदम उघड्या वाळूवर आला.

माणिक पाठमोरी उभी होती, हातात तबक. शेजारी मास्तर काड्यापेटी घेऊन. समुद्रावरून वारा सुटला होता आणि निरांजन काही केल्या टिकत नव्हतं.

"ही शेवटून दुसरी," मास्तर म्हणाले. "ज्योतीला आडोसा पाहिजे. आडोसा म्हणजे काय? वारा ज्या दिशेनं येतो—"

"शाळा सुटली आहे," माणिक म्हणाली. "लावा."

काडी पेटली आणि विझली. पेटीत आता एकच उरली. कोर पाण्यापासून हातभर वर होती. मार्तंडला हाक मारायची होती, पण छातीत हवाच नव्हती. तो धावत त्यांच्या आणि समुद्राच्या मधे गेला आणि कोट दोन्ही हातांनी फाकून उभा राहिला.

मास्तरांनी शेवटची काडी ओढली. वात धरली, वाकडी झाली, आणि सरळ उभी राहिली. माणिकनं तबक उचललं, कोर बघायला मान वर केली, आणि तिला दिसला घामेजलेला, विस्कटलेला, धापा टाकणारा दादा.

ती तबक तसंच वर धरून उभी राहिली.

"चंद्र माझ्या मागे आहे," मार्तंड कसाबसा म्हणाला. "हवं तर... बाजूला होतो."

"खाली बस," माणिक म्हणाली. "एवढा उंच, माझा हात पोचत नाही."

तो वाळूत बसला. तिनं बोटावर कुंकू घेतलं. "कसा आलास?"

"चालत. थोडा गाडीनं. मग ट्रक. मग होडी."

"आणि उलट्या?"

"तीन. पण तिसरी नुसतीच. पहिली कुर्ल्याला. दुसरी शिरस्त्राणात."

"कशात?"

"लढाईत घालतात ना डोक्यावर—"

माणिक हसायला लागली. तबकातली सुपारी गडगडली, निरांजन थरथरलं, मास्तर "दिवा! दिवा!" म्हणून ओरडले, आणि ती हसता हसता डोळे पुसायला लागली. मग तिनं भावाची हनुवटी धरली.

"डोकं हलवू नकोस ना रे! कुंकू डोळ्यात जाईल."

"मी नाही हलत. वाळूच हलतेय."

तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ओवाळलं. मार्तंडनं पिशवीतून खण काढून तबकात ठेवला. ती वाकून नमस्कार करायला लागली तसा तो उठला, उठताना झोकांडी गेली आणि त्यानं मास्तरांचा खांदा धरला. समुद्रावर आता नुसताच उजेड उरला होता.

"उद्या निघणार?" मास्तरांनी विचारलं.

मार्तंडनं माडांपलीकडच्या खाडीच्या दिशेनं बघितलं. "नाही. आठ दिवस राहतो म्हणतो."

"रहा की," माणिक म्हणाली आणि दिवा पदराआड धरून घराकडे निघाली. "पण आठ दिवसांनी काय खाडी आटणार आहे?"